लागलं का?

काही प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडी अगदी साधे असतात. उत्तर देणाऱ्याला मात्र ते वर्षानुवर्षे सोडीत नाहीत. असा एक प्रश्न माझ्या मामांनी मला विचारला, त्याला आता वीसएक वर्षे होऊन गेली. मामा देवणीचे. उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले हे गाव. बाहेरच्या जगाला ते ठाऊक आहे ते तिथल्या माणसांमुळे नव्हे, तर काळ्यापांढऱ्या देवणी गाईबैलांमुळे. आणि याचे गावात कोणाला वाईटही वाटत नाही. मामा शेती करीत, आणि रात्री भजनी मंडळात पखवाज वाजवीत. पन्नास वर्षांत त्यांनी पखवाज सोडून दुसऱ्या कशाची फारशी हौस केली नव्हती.

डोळ्याच्या औषधोपचारासाठी ते माझ्याकडे शहरात आले होते. त्याच आठवड्यात शास्त्रीय संगीतातील नव्या प्रयोगांची एक बैठक होती. मामांना गाण्याची आवड, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. दारातच एक छापील पत्रक हाती पडले. त्यात कलावंताने आपली भूमिका सांगितली होती: रागाची चौकट, तालाचे आवर्तन आणि बंदिशीचे शब्द यांच्या पलीकडचा शुद्ध नाद आपण शोधीत आहोत, असा तिचा मथितार्थ होता. मग दीड तास आम्ही तो शोध ऐकला. निरनिराळ्या स्वरांत लावलेले दोन तंबोरे, मधूनच येणारा एक दीर्घ हुंकार, पत्र्यावर पडलेल्या थेंबासारखे काही आघात, आणि बऱ्याच लांबीच्या स्तब्धता. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतील मंडळी उभी राहिली. त्यांच्या मागची उभी राहिली. मीही उभा राहिलो आणि जरा मोठ्यानेच "वाहवा" म्हणालो. मामा बसूनच होते.

परतताना रिक्षात त्यांनी विचारले, "आरं, तुला लागलं का?"

मी म्हणालो, "हो मामा. फार लागलं."

"बरं झालं," ते म्हणाले. "मला काय लागलं न्हाई बग. पर तुला लागलं म्हंजे पैसे वाया गेले न्हाईत." आणि ते गप्प बसले.

मी खोटे बोललो होतो. त्या दीड तासात मला दोनदा घड्याळ पाहण्याचा मोह झाला होता, आणि एकदा तर पुढच्या गृहस्थांच्या कोटावरील रेघा मोजून झाल्या होत्या. मग मी उभा का राहिलो? आणि ज्या माणसापाशी मला खोटे बोलण्याचे काहीच कारण नव्हते, त्याच्याशी तरी मी खोटे का बोललो? आधुनिक, प्रयोगशील शास्त्रीय संगीताचा श्रोत्यांना खरोखर आनंद होतो काय, हा प्रश्न मी गेली वीस वर्षे वाचतो आहे, ऐकतो आहे. पण माझ्यापुरता तो सौंदर्यशास्त्राचा प्रश्न म्हणून कधी आलाच नाही. तो त्या रिक्षात, एका खोट्या उत्तराच्या रूपाने आला. म्हणून त्याचा विचारही मी तिथूनच करणार आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे बाजारात तयार मिळतात. पहिले उत्तर असे, की आनंद वगैरे कोणालाच होत नाही. राजाच्या अंगावर वस्त्र नाही हे सगळ्यांना दिसते आहे. पण बोलावे कोणी? एकाने टाळी वाजवली की दुसऱ्याला वाजवावी लागते, कारण न वाजवणारा अडाणी ठरतो. दुसरे उत्तर याच्या नेमके उलट. आनंद होतो, पण तयारी असलेल्यालाच होतो. ज्याचा कान तयार नाही त्याने आपल्या कंटाळ्याला पुरावा मानू नये. आज जे दुर्बोध वाटते तेच उद्या पाठ्यपुस्तकात येते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली निघाल्या तेव्हा भल्याभल्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. पुढे त्याच कवीची कविता शाळेतली मुले पाठ करू लागली.

दोन्ही उत्तरांत थोडे थोडे खरे आहे, आणि दोन्ही आळशी आहेत. पहिले उत्तर देणारा स्वतःच्या अनुभवाची वेस हीच जगाची वेस समजतो. त्याला जे ऐकू आले नाही ते कोणालाच आले नाही, असे तो गृहीत धरतो. दुसरे उत्तर देणारा इतिहासातले फक्त जिंकलेले तेवढे मोजतो. ज्यांना आरंभी हसले गेले आणि पुढे मान मिळाला अशांची यादी त्याच्यापाशी असते. ज्यांना आरंभी हसले गेले आणि नंतर कोणी आठवलेही नाही, अशांची यादी कोणी ठेवीत नाही. आज कळत नाही म्हणून उद्या कळेलच, हा न्याय मान्य केला तर जगातले कोणतेही निरर्थक बोलणे भविष्यकाळाच्या नावावर खपवता येईल.

आपल्याकडे तर हा प्रश्न अधिकच अवघड होऊन बसतो. कारण राग या शब्दाच्या पोटातच रंजन आहे. जे रंजवीत नाही ते राग या नावाला पात्रच नाही, अशी आपल्या जुन्या शास्त्रकारांची धारणा. आणि हे शास्त्र काही दूरदेशीचे नव्हे. 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ तेराव्या शतकात आमच्याच मराठवाड्यात, देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो स्वतः दरबारात हिशेबाच्या खात्यावरचा अधिकारी होता. या हिशेबी माणसाने संगीताचे मार्गी आणि देशी असे दोन भाग सांगितले, आणि देशी म्हणजे त्या त्या मुलखातील लोकांच्या मनाला त्यांच्या त्यांच्या आवडीप्रमाणे रिझवणारे संगीत, असे म्हटले. म्हणजे साडेसातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी आमच्याच भूमीत लोकांची रुची ही संगीताच्या व्याख्येत जाऊन बसली होती. मग ज्या संगीताने लोक रंजत नाहीत त्याला काय म्हणावे?

पश्चिमेकडे गेल्या शतकात हाच प्रश्न फार तीव्रतेने उभा राहिला. तिथल्या तीन-चार प्रसंगांकडे पाहिले तर आपली वाट थोडी स्पष्ट होईल. १९१३ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये स्ट्राव्हिन्स्कीच्या संगीतावर बसवलेले 'वसंताचा विधी' हे नृत्यनाट्य प्रथम झाले, तेव्हा प्रेक्षागृहात असा गोंधळ माजला की वाद्यवृंद ऐकू येईना. गोंधळ नृत्यामुळे किती आणि संगीतामुळे किती, यावर अजून वाद आहे. पण पुढच्याच वर्षी, त्याच शहरात, नृत्य वगळून तेच संगीत वाजवले गेले; आणि त्या वेळी श्रोत्यांनी संगीतकाराला खांद्यावर उचलून घेतले. दुसरा प्रसंग व्हिएन्नाचा. १९१८ साली शोएनबर्गने नव्या संगीतासाठी एक खाजगी मंडळी काढली. तिचे नियम विलक्षण होते. टाळ्या वाजवायच्या नाहीत. पण निषेधाचा आवाजही काढायचा नाही. वृत्तपत्रांच्या टीकाकारांना प्रवेश नाही. काय वाजणार आहे ते आधी सांगायचे नाही. कठीण रचना मात्र पुन्हा पुन्हा वाजवायच्या. तिसरा प्रसंग १९५२ चा, अमेरिकेतला. जॉन केजच्या एका रचनेत वादक पियानोपाशी बसला आणि साडेचार मिनिटांहून थोडा अधिक वेळ त्याने एकही स्वर वाजवला नाही. जे ऐकू येईल तेच संगीत. चौथा प्रसंग १९५८ चा. मिल्टन बॅबिट नावाच्या रचनाकाराचा एक लेख एका मासिकात आला. त्याचे म्हणणे असे, की उच्च गणित जसे सामान्य माणसाला कळत नाही आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, तसेच पुढारलेल्या संगीताचेही असावे. त्याने विद्यापीठाच्या आश्रयाने राहावे. संपादकाने त्या लेखाला मथळा दिला तो असा, की तुम्ही ऐकता की नाही याची पर्वा आहे कोणाला? मथळा लेखकाचा नव्हता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो मथळाच.

या चारांपैकी मला सर्वांत जवळचा वाटतो तो शोएनबर्गचा नियम. वरवर पाहता तो अहंकाराचा वाटतो: श्रोत्याला टाळीही वाजवू द्यायची नाही! पण जरा विचार करा. टाळी आणि धिक्कार या दोन्हींना मज्जाव करून त्याने श्रोत्याच्या डोक्यावरचे एक ओझे उतरवले होते. आपल्याला हे आवडले की नाही हे शेजाऱ्याला दाखवण्याचे ते ओझे. तिथे बसलेल्या माणसाला फक्त ऐकायचे होते. न आवडण्याची त्याला लाज नव्हती आणि आवडल्याची मिरवणूक काढण्याची सोय नव्हती. माझ्या त्या बैठकीत असा नियम असता, तर मी निदान रिक्षात तरी खरे बोललो असतो.

परंतु याच नियमातील एक तोटाही उघड आहे. टाळीच नाही तर कलावंताला कळणार कसे? प्रयोग हा शब्द आपण फार सहज वापरतो. प्रयोगशाळेत जो प्रयोग होतो तो यशस्वी होतो किंवा फसतो. आणि फसला तर फसला असे लिहून ठेवावे लागते. ज्या प्रयोगाला फसण्याची सोयच नाही, तो प्रयोग नव्हे, तो समारंभ. संगीतातल्या प्रयोगाचा निकाल लागतो तो श्रोत्याच्या ठायी. दुसरी प्रयोगशाळा त्याला नाही. म्हणजे प्रयोगशील गायकापुढे बसलेला श्रोता हा नुसता पाहुणा नसतो, तो साक्षीदार असतो. आणि मी त्या रात्री उभा राहून "वाहवा" म्हणालो, तेव्हा शिष्टाचार पाळला नव्हता; खोटी साक्ष दिली होती. ज्या कलावंताला मी मान दिला असे मला वाटत होते, त्याच्या प्रयोगाचा निकाल मी चोरला होता. त्यालाही कदाचित ठाऊक हवे असेल, की तो दीर्घ हुंकार समोरच्या माणसापर्यंत पोहोचला की नाही.

इथे आपल्या मुलखातले एक मोठे उदाहरण आठवणे भाग आहे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ हा बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा मुलगा. १९२४ चा जन्म. मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. हे बघून एका स्वामींनी त्याला कुमार गंधर्व म्हटले आणि तेच नाव राहिले. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत या बारा वर्षांच्या पोराने बड्याबड्यांना थक्क केले. पुढे देवधरांकडे शिक्षण झाले. आणि मग क्षय झाला. देवासला अंथरुणाला खिळून राहण्याची पाळी आली. गाणे बंद, बोलणेही बेताचे. पाच-सहा वर्षांनी, नव्या औषधांच्या कृपेने ते उठले आणि पुन्हा गाऊ लागले, तेव्हा गाणे बदललेले होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते आणि रस्त्याने जाणाऱ्या नाथपंथीयांची निर्गुणी भजने कानांत साठवली होती. त्या लोकधुनांच्या पोटातून त्यांनी नवे राग काढले. मालवती, लगनगांधार, सांजारी, अहिमोहिनी. १९६५ साली 'अनूपरागविलास' निघाला आणि त्या रचना कागदावर आल्या. वर्षा, हेमंत, वसंत अशा ऋतूंवर त्यांनी सबंध बैठकी बांधल्या. बालगंधर्वांचे गाणे आपल्याला कसे उमजले, हे सांगण्यासाठी त्यांनी एक सबंध कार्यक्रम केला.

आणि लोक भांडले. आज त्यांच्या नावाभोवती जे तेजोवलय आहे त्यात हे भांडण दिसेनासे झाले आहे. पण ते फार महत्त्वाचे होते. विलंबिताची सावकाश बढत कुठे गेली, असे विचारणारे होते. घराणे न मानणाऱ्याला परंपरेचा आधार कोणता, असे विचारणारे होते. हे स्वरांचे तुकडे आहेत, यात राग उभा राहत नाही, असे म्हणणारे होते. बालगंधर्व असे नव्हतेच, म्हणून रागावणारे तर होतेच. त्याच वेळी, असे गाणे आपण जन्मात ऐकले नाही, म्हणून रात्रभर झोप न आलेलेही होते. वामनराव देशपांड्यांचे 'घरंदाज गायकी' १९६१ साली आले, आणि स्वर व लय यांच्या तराजूत एकेक घराणे कसे तोलावे याची भाषाच मराठी रसिकाच्या हाती आली. त्या पिढीला गाण्याबद्दल भांडता येत होते. कुमारांच्या मैफलीतून उठून गेलेल्या माणसाला आपण काय गमावले असे वाटते आहे हे सांगता येत होते; आणि बसून राहिलेल्याला आपल्याला काय मिळाले हे सांगता येत होते.

मला असे वाटते, की श्रोत्यांना कुमारांच्या गाण्याचा आनंद खरोखर होत होता याचा भक्कम पुरावा टाळ्यांत नाही, या भांडणात आहे. ज्या गोष्टीने निराशा होऊ शकत नाही तिच्याने आनंदही होऊ शकत नाही. ज्याला "आज बुवांचा सूर लागला नाही" असे म्हणता येते, त्याच्याच "आज लागला" या म्हणण्याला किंमत.

हे मला पुस्तकात सापडले नाही. हे मला सापडले बैलबाजारात, म्हणून जरा तिकडे जाऊ. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात मामांबरोबर मी लहानपणी गेलो आहे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही गेलो आहे. परक्या माणसाला तिथे दिसतात ती केवळ जनावरे. काळ्यापांढऱ्या जनावरांची एक गर्दी. मामांना दिसत असे तो सर्वांग पांढरा पण तोंडाच्या बाजूंना काळा असलेला वानेरा. अंग पांढरे पण पोटाखाली काळे ठिपके असलेला बाळंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे डाग पडलेला शेवरा. मग चाल बघायची. खूर बघायचा. तोंड उघडून दात बघायचे: अदत आहे, दोनदाती आहे, की जुळलेला आहे. मग हेडी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगणार. हे सर्व करताना मामांच्या तोंडावर जे काही असे, त्याला आनंद हाच शब्द आहे. बैल विकत घ्यायचा नसला तरी ते पाहत. माझ्यासारख्याला वाटे, की उन्हात उभे राहून यांना काय मिळते?

म्हणजे तयारी असल्यावाचून आनंद होत नाही, हे दुसरे उत्तर खरेच की! हो, पण बाजाराने मला त्याची दुसरी बाजूही शिकवली. एक गृहस्थ आमच्याबरोबर येत. प्रत्येक बैल पाहून ते म्हणत, "वा! काय जनावर आहे!" पारखी म्हणून त्यांचा शब्द बाजारात कोणीच धरीत नसे. मामा त्यांना चेष्टेने म्हणत, "तुमाला खोंडबी चांगला, म्हातारा बी चांगला; मग बाजार कशाला भरवायचा?" ज्याला वाईट दिसत नाही त्याला चांगलेही दिसत नाही. पारख म्हणजे केवळ स्तुतीचे शास्त्र नव्हे. नकार देण्याची ती ताकद आहे.

ही कसोटी आजच्या प्रयोगशील बैठकींना लावून पाहा. मी त्यानंतर अशा पुष्कळ बैठकी ऐकल्या. नव्या संगीताचे हौशी श्रोते भेटले, आणि त्यांच्यात खरे जाणकार मी पाहिले आहेत. त्यांना ओळखायची खूण एकच. बाहेर चहा पिताना ते म्हणतात, "मधला भाग छान झाला, शेवट मात्र वाऱ्यावर गेला." किंवा, "गेल्या खेपेला हाच प्रयोग जास्त बांधलेला होता." अशा माणसाला आनंद झाला असे तो म्हणतो, तेव्हा मी निमूटपणे मान लववितो. मला तो झाला नसला, तरी तो तिथे आहे यावर माझा विश्वास बसतो. पण जो प्रत्येक वेळी, प्रत्येक बैठकीनंतर, तितकाच भारावलेला असतो, त्याच्या आनंदाविषयी मला संशय येतो. तो गाण्याने भारावलेला नसतो. आपण तिथे होतो याने भारावलेला असतो.

आता यावर कोणी म्हणेल, की अडाणी श्रोत्याचे काय? त्याला पारख नाही, तर त्याचा आनंदही खोटाच म्हणायचा का? नाही. अडाणी श्रोत्यालाही निराश होण्याचा हक्क आहे, आणि तो तो मोकळेपणी बजावतो. भजन रंगले नाही तर आमच्या गावात लोक उठून जातात. पुढारलेले शब्द त्यांच्यापाशी नसतील. पण उठून जाणारे पाय असतात. खोटेपणा येतो तो मधल्या माणसाच्या ठायी. ज्याच्यापाशी जाणकाराचे कान अजून आलेले नाहीत आणि अडाण्याचे पाय राहिलेले नाहीत, अशा माझ्यासारख्याच्या ठायी.

आणि इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी उभा राहिलो तो भीतीने. ही भीती मी माझ्या मुलखातून बरोबर आणली होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पुण्यामुंबईच्या मैफलींची, तिथल्या चर्चांची, तिथल्या टीकाकारांची आम्हाला ओळख झाली ती उशिरा, आणि तीही बहुधा रेडिओवरून. मामा तरुणपणी शनिवारी रात्री राष्ट्रीय संगीताचा कार्यक्रम रेडिओपाशी बसून ऐकत. मी शिकलो, शहरात आलो, आणि बोलण्यातले "लई" काढून टाकायला शिकलो. ज्या सभागृहात आपण बाहेरचे आहोत असे वाटते, तिथे माणूस सर्वांच्या आधी टाळी वाजवतो. गावंढळ ठरण्याची ही भीती फार खोल असते. मामांपाशी ती नव्हती. ते गावंढळच होते आणि त्याची त्यांना अडचण नव्हती. म्हणून ते बसून राहिले.

गंमत अशी, की नव्याला विरोध मामांनी कधी केला नाही. पुढे एका दिवाळीत मी त्यांच्यासाठी कुमारांची एक ध्वनिफीत नेली. एका बाजूला राग, दुसऱ्या बाजूला कबीराची निर्गुणी भजने. कबीर त्यांच्या ओळखीचा. पण ही चाल ओळखीची नव्हती. पहिल्यांदा त्यांनी भुवया वर केल्या. "ह्यो माणूस मधीच थांबतो कशाला?" मी लगेच शहाणपणा केला: क्षयाने फुफ्फुस निकामी झाले होते, श्वास पुरत नसे, म्हणून. मामांनी मान हलवली. "न्हाई. दम लागला म्हणून थांबणारा कसा थांबतो ते मला ठाऊक हाय. ह्यो थांबायचं तिथंच थांबतो." आठ दिवस त्यांनी ती फीत लावली. पखवाजावर हात ठेवून, न वाजवता, ऐकत बसत. एक पद त्यांना अखेरपर्यंत लागले नाही. तसे त्यांनी स्वच्छ सांगितले. बाकीच्यांपैकी एकाची चाल त्यांनी मंडळात नेली. मंडळातल्या दोघांना ती मुळीच रुचली नाही आणि त्यावर रात्रभर वाद झाला. देवणीच्या देवळात झालेला तो वाद म्हणजे मी पाहिलेली नव्या संगीताची सर्वांत प्रामाणिक बैठक.

'लागणे' हे क्रियापद मराठीत मोठे विलक्षण आहे. सूर लागतो, तसाच नाद लागतो. भूक लागते, तशी ठेचही लागते. आणि मनाला लागले म्हणजे दुखावले, असाही अर्थ होतो. आनंदाच्या प्रश्नासाठी मामांनी हाच शब्द वापरला होता. आवडले का, असे त्यांनी विचारले नाही; समजले का, असेही विचारले नाही. नव्या संगीताबद्दल विचारण्याजोगा प्रश्न बहुधा हाच असावा. ते गोड वाटलेच पाहिजे असे नाही. ठेच लागली तरी लागली. पण काहीतरी लागले पाहिजे, आणि जे लागले नाही ते लागले असे म्हणता कामा नये. राग म्हणजे रंजन, हे शार्ङ्गदेवाच्या काळापासून चालत आलेले म्हणणे मला आता खोटे वाटत नाही. फक्त रंजन याचा अर्थ कुरवाळणे असा नाही. रंग लागणे, असा आहे. रंग चढतो किंवा चढत नाही. तो कोणाच्या आग्रहाने चढत नाही.

श्रोत्यांना प्रयोगशील संगीताचा खरा आनंद होतो काय? काहींना होतो, खरोखर होतो. बाकीच्यांना तो होईलही. पण त्यांनी आधी न होण्याची मोकळीक स्वतःला दिली पाहिजे, आणि संगीतकारांनी व त्यांच्या चाहत्यांनी ती त्यांना दिली पाहिजे. ज्या सभागृहात कंटाळा आला असे म्हणायला जागा नाही, तिथे आनंद झाला असे म्हणण्यालाही अर्थ उरत नाही.

मामांच्या अखेरच्या आजारात मी देवणीला गेलो होतो. पखवाज खुंटीला होता. कसल्याशा बोलण्यातून त्या शहरातल्या बैठकीची आठवण निघाली. मी म्हणालो, "मामा, त्या रात्री मी तुम्हाला खोटं सांगितलं. मलाही काही लागलं नव्हतं."

ते हसले. "मला तवाच कळलं हुतं की. तुजी बोटं मांडीवर हलत नव्हती."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "मग आता ऐकतोस का न्हाई तसलं गाणं?"

"ऐकतो," मी म्हणालो.

"लागतं का?"

"कधी लागतं. पुष्कळदा नाही लागत."

"मग ठीक हाय," मामा म्हणाले, आणि त्यांनी कूस बदलली.